कुणी न उजळलेलं वेब्ली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात नेमणूक झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला तलवार, गणवेश, खोगीर आणि रिव्हॉल्व्हर ही सगळी खरेदी स्वतःच्या पैशाने करावी लागे. रिव्हॉल्व्हरबाबत सरकारची अट एवढीच होती, की त्यात सरकारी काडतूस चाललं पाहिजे. मग तो तरुण लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या दुकानात जाई आणि बोटीवर चढण्याआधी बर्मिंगहॅममध्ये तयार झालेलं वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्व्हर विकत घेई. त्याच्या नळीवरच्या पट्टीवर दुकानाचं नाव कोरलेलं असे. या सोसायटीने पुढे मुंबईतही दुकान थाटलं. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे.

त्या पिढीची हजारो रिव्हॉल्व्हरं जगभर पांगली. काही सरहद्दीवर हरवली, काही निवृत्त कर्नलांच्या कपाटात राहिली, काही पोलीस ठाण्यांच्या मुद्देमालात गेली. ती अजूनही उघडपणे विकली आणि घेतली जातात, असं सगळ्यात मोठं ठिकाण आज अमेरिकेत आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात वर्षातून दोनदा वॉननमाकर यांचं शस्त्रप्रदर्शन भरतं. एका छपराखाली सुमारे ११ एकर जागा आणि चार हजारांवर टेबलं. बाहेर तेलविहिरीच्या कामगाराचा अजस्र पिवळा पुतळा उभा आहे. आत तेलाचा, जुन्या चामड्याचा आणि कॉफीचा मिसळलेला वास येतो.

ज्यांच्याबरोबर मी हे प्रदर्शन पाहिलं ते काका मूळचे मिरजेचे. यंत्र अभियंता म्हणून त्यांची हयात टेक्सासमध्ये गेली. आता निवृत्त आहेत आणि डॅलसजवळ राहतात. टल्सा तिथून गाडीने चार-साडेचार तासांवर. आपलं नाव छापू नये, असं त्यांनी आधीच सांगितलं. घरात शस्त्रसंग्रह आहे हे जगजाहीर करू नये, हा तिथल्या संग्राहकांचा पहिला नियम आहे आणि तो योग्यच आहे. काकांचा संग्रह लहान आहे. फक्त रिव्हॉल्व्हरं, तीही फक्त वेब्ली, आणि शक्यतो हिंदुस्थानाशी धागा असलेली. या वेळी त्यांना डब्ल्यू. जी. आर्मी मॉडेल हवं होतं. अधिकाऱ्यांनी स्वखर्चाने घेतलेलं म्हणतात ते हेच.

वेब्लीची ओळख नसलेल्यांसाठी थोडं. चित्रपटांतून दिसणाऱ्या अमेरिकी कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक रिकामं काडतूस दांडीने ढकलून काढावं लागतं. वेब्लीची घडणच वेगळी. घोड्याच्या पुढे एक जाड कडी असते. तिचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर पुढे मोडते, आणि त्याच हालचालीत सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर येऊन सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतो. मातीत, पावसात, घाईत चालणारं हे यंत्र. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये त्याचा पहिला नमुना स्वीकारला आणि सुधारणा होत होत २४ मे १९१५ रोजी मार्क सहा आलं. सहा इंची नळी, चौकोनी मूठ, वजन किलोभराहून थोडं जास्त. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हेच होतं.

त्याचं काडतूस .४५५ इंचाचं. गोळी सतरा ग्रॅमची, वेग बेताचा. एवढी जड गोळी कशासाठी, याचं उत्तर वसाहतींच्या युद्धांत आहे. वायव्य सरहद्दीवर आणि आफ्रिकेत चालून येणारा माणूस जागच्या जागी थांबला पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. त्यातूनच १८९८ मध्ये पुढून पोकळ असलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी आली. दुसऱ्याच वर्षी हेगच्या परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली आणि ही गोळी मागे घ्यावी लागली. त्या गोळ्या कुणासाठी बनल्या होत्या, हे आपल्याला विसरून चालणार नाही. काकाही ते विसरत नाहीत. त्यांच्या कपाटात प्रत्येक रिव्हॉल्व्हरशेजारी एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर ते कुठल्या काळात कुणाविरुद्ध वापरलं जात होतं, हेही लिहिलेलं असतं. संग्रह असावा तर असा, असं मला वाटतं.

टल्सात पहिल्याच सकाळी एक मार्क सहा समोर आलं. मखमलीवर ठेवलेलं, निळं-काळं, लखलखीत. मालक म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, पण बघा, कालच कारखान्यातून आल्यासारखं. काकांनी परवानगी मागून ते हातात घेतलं. तिथे ही रीत आहे. न विचारता कुणी कशाला हात लावत नाही, चाप ओढून बघत नाही, आणि मोडलेलं रिव्हॉल्व्हर झटक्याने बंद करत नाही. हातात घेतल्यावर पहिलं काम ते रिकामं आहे ना हे पाहण्याचं, विकणाऱ्याने कितीही खात्री दिली तरी.

काकांनी खिशातून भिंग आणि पेनाएवढी बॅटरी काढली आणि बघायला सुरुवात केली ती स्क्रूंपासून. स्क्रूच्या डोक्यातली खाच सरळ आणि तीक्ष्ण कडांची आहे, की फाटलेली? हत्यार कुणी आणि किती बेताने उघडलं होतं, हे त्यावरून कळतं. मग स्क्रूच्या भोकाच्या कडा. पोलाद यंत्रावर घासून चकचकीत केलं की ही कड बशीसारखी खोलगट होते, आणि ती काही केल्या परत आणता येत नाही. मग नळीच्या आठ बाजू जिथे एकमेकींना मिळतात त्या रेषा. त्या धारदार हव्यात. या रिव्हॉल्व्हरच्या रेषा साबणाच्या वडीसारख्या गोलसर झाल्या होत्या. शेवटी ठसे. सरकारी तपासनीसाच्या मुकुटाच्या ठशाचा वरचा अर्धा भाग पुसट होता, आणि निळा रंग ठशाच्या खोबणीच्या आतही तितकाच ताजा होता.

"कुणीतरी घासून, नवा निळा चढवलाय," काका मला मराठीत म्हणाले. "आता याच्याकडून काही कळायचं नाही."

एवढं होऊनही त्यांनी ते मोडून सिलिंडरची मागची बाजू पाहिली. तिथे यंत्रावर तासल्याच्या बारीक गोल रेषा होत्या. अमेरिकेत हे फार झालं आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत ब्रिटनने मोडीत काढलेली वेब्ली रिव्हॉल्व्हरं इथे स्वस्तात आली, पण .४५५ ची काडतुसं मिळेनात. अमेरिकी सैन्याच्या पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस मात्र गल्लोगल्ली मिळायचं. मग व्यापाऱ्यांनी सिलिंडरचा मागचा भाग तासून टाकला, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या पत्र्याच्या क्लिपांत अडकवून ते काडतूस त्यात बसेल. ते बसतं आणि चालतंही. पण .४५ एसीपीचा दाब वेब्लीसाठी ठरवलेल्या दाबाहून कितीतरी जास्त. कारखान्यात चाचणी म्हणून एकदाच मुद्दाम जास्तीच्या भाराचं काडतूस उडवतात, जवळपास त्याच दाबाची गोळी हे बिचारं रिव्हॉल्व्हर पुढे दर वेळी सोसत राहतं. सिलिंडर फुटल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणजे तासलेलं वेब्ली संग्राहकाला नको असतं ते केवळ शुद्धतेच्या हट्टापायी नाही. ते उडवायलाही धोक्याचं असतं.

काडतुसाच्या मापाचा विषय निघाला तेव्हा काकांनी उधमसिंगांची आठवण काढली. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओड्वायर याला मारलं ते .४५५ च्या रिव्हॉल्व्हरने, पण ते वेब्ली नव्हतं, स्मिथ अँड वेसनचं होतं. त्यांच्याजवळची काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरच्या नेमक्या मापाची नव्हती. ओड्वायर मेला, इतर तिघे जखमी होऊनही वाचले. ते रिव्हॉल्व्हर आजही लंडन पोलिसांच्या ताब्यात आहे. एखाद्या शस्त्राला इतिहास चिकटतो तो असा, खटल्याच्या कागदांतून, तारखेनिशी, मापानिशी.

आणि इतिहास चिकटला की किंमत कुठल्या कुठे जाते. बिली द किडला ज्याने मारलं त्या शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट रिव्हॉल्व्हर ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात ६० लाख डॉलरांच्या वर गेलं. त्याच सालचं, त्याच बनावटीचं, पण गॅरेटच्या हातात न गेलेलं कोल्ट त्याच्या एका लहानशा अंशाला मिळेल. फरक लोखंडात नसतो, कागदांच्या न तुटलेल्या साखळीत असतो. पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत कोणाकडून कोणाकडे गेलं, हे दाखवता आलं पाहिजे. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या बाबतीत कारखान्याच्या दफ्तरातून पत्र मागवता येतं. अमुक क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर अमुक तारखेला अमुक दुकानाला पाठवलं, नळी एवढी, मुलामा असा, मुठीच्या फळ्या अशा. हातातल्या वस्तूशी पत्र जुळलं नाही, तर मधल्या काळात कुणीतरी काहीतरी बदललं आहे.

जिथे पैसा तिथे लबाडीही आलीच. टल्सात आम्ही मार्क सहाला लावायची संगीन पाहिली. अशी संगीन खरोखरच बनली होती. कॅप्टन प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धात ती सुचवली आणि बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीने जुन्या फ्रेंच संगिनींची पाती वापरून थोड्या संख्येने बनवली. सैन्याने ती अधिकृतपणे कधीच स्वीकारली नाही, म्हणून खऱ्या संगिनी अगदी कमी. आणि खोट्या भरपूर. काकांनी ती हातातही घेतली नाही. "ज्यातलं कळत नाही, ते घ्यायचं नाही. आणि यातलं फार थोड्यांना कळतं," ते म्हणाले.

डब्ल्यू. जी. दुपारी मिळालं, आणि तेही चार कॅमेरे आणि एक शिकारी दुर्बीण मांडलेल्या टेबलाच्या कोपऱ्यात. विक्रेता कॅन्ससहून आलेला. कुणाच्या तरी मृत्यूनंतर निघालेलं घरसामान त्याने घाऊक उचललं होतं. वेब्ली त्याचा विषय नव्हता आणि त्याने ते साफही केलेलं नव्हतं. हे काकांचं भाग्य.

पहिल्या नजरेला ते मळकं वाटलं. नळीचं टोक आणि सिलिंडरच्या फुगीर कडा पांढुरक्या झालेल्या, कारण चामड्याच्या म्यानात येता-जाता शंभर वर्षांपूर्वी तिथलाच रंग घासला गेला. उघड्या सपाट भागांवर निळ्याचा तपकिरी झालेला. पण सिलिंडरच्या खोबणींच्या तळाशी, चापाच्या कमानीच्या आतल्या बाजूला, जिथे हात आणि चामडं पोचत नाही, तिथे मूळचा खोल निळा जसाच्या तसा होता. रंग जिथे जायला हवा तिथेच गेला होता, राहायला हवा तिथेच राहिला होता. मुठीच्या काळ्या व्हल्कनाइटच्या फळ्या उजेडाने चहासारख्या तपकिरी पडल्या होत्या, आणि त्यांच्यावरची चौकटीची नक्षी उजवीकडे तळहाताच्या जागी झिजली होती. डावी बाजू त्या मानाने खरखरीत. ते उजव्या हाताने पुष्कळ धरलं गेलं होतं, एवढं निश्चित. नळीच्या वरच्या पट्टीवर दुकानाचं नाव होतं, आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल., आणि प्रत्येक अक्षराची कड भिंगाखाली धारदार दिसत होती.

काकांनी सिलिंडर बोटाने दोन्ही बाजूंना हलकेच हलवून पाहिलं, मग पुढे-मागे. मग अंगठ्याने घोडा अगदी सावकाश मागे ओढला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला थोडा विरोध केला. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडर आपल्या जागी बसल्याचा खट्‌ आवाज आला पाहिजे. उशिरा आला, किंवा आलाच नाही, तर गोळी नळीच्या मधोमध जाणार नाही, कडेला घासून जाईल. सहाही घरांसाठी त्यांनी हे केलं. पाच चोख निघाली, एक किंचित आळशी. नळीखाली पांढरं कार्ड धरून आतून पाहिलं. सातही आटे स्वच्छ, उजवीकडे वळत जाणारे. मागच्या तोंडाशी मात्र थोडी बारीक खड्ड्यांची जाळी. त्या काळच्या काडतुसांतलं रसायन मीठ मागे ठेवायचं, ते हवेतलं पाणी ओढून घ्यायचं आणि त्याच रात्री नळी पुसली नाही तर पोलाद खायचं. ज्याने हे वापरलं, त्याने एखाद-दोन रात्री आळस केला होता. बाकी रात्री मात्र केला नव्हता.

मग साल. इथे अमेरिकी कायदा संग्राहकाच्या कामाला येतो. १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ अखेरपर्यंत बनलेलं शस्त्र पुराणवस्तू मानलं जातं आणि केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ते बंदूकच नसतं. त्यानंतरचं पण पन्नास वर्षांहून जुनं असेल, तर संग्राहकाच्या वेगळ्या परवान्यावर ते दुसऱ्या राज्यातही थेट विकत घेता येतं. तीस डॉलर, तीन वर्षांसाठी, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवण्याची सक्ती. काकांकडे तो परवाना आहे, त्यामुळे कसंही असतं तरी व्यवहार झाला असता. तरी त्यांना साल हवं होतं. सिलिंडरवर आणि नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे होते, मुकुटाखाली फुलीसारखे ठेवलेले दोन राजदंड. हे चाचणीगृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने सुरू झालं, आणि हा ठसा १९०४ पर्यंतच चालला. नंतर मुकुटाखाली नुसती अक्षरं आली. म्हणजे १९०४ पूर्वीचं हे नक्की. पुढचं काम क्रमांकाचं. काकांच्या पिशवीत गॉर्डन ब्रूस आणि क्रिस्टियन राइनहार्ट यांच्या वेब्लीवरच्या ग्रंथाची फाटकी प्रत असते. त्यातल्या क्रमांकांशी ताडून पाहिलं, आणि क्रमांक १८९०च्या दशकाच्या मधोमध बसला.

विक्रेत्याने साडेचौदाशे डॉलर सांगितले. काकांनी आळशी घर आणि नळीतली जाळी त्याला बॅटरीच्या उजेडात दाखवली. काही लपवलं नाही, दुकानाच्या नावाने किंमत वाढते हेही स्वतःहून सांगितलं. बाराशे पन्नासला ठरलं. मला हे फार आवडलं. समोरच्याच्या अज्ञानावर सौदा साधणारे तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळेच लोक घरातली जुनी शस्त्रं भंगारात देऊन मोकळे होतात.

सकाळचं ते लखलखीत मार्क सहा अजून मखमलीवर होतं. जुनी पैठणी घरी धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून नवी म्हणून विकायला ठेवावी, तसा तो प्रकार. चांगलं ठेवलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे जे पुसलं गेलं, तेलाचं बोट फिरवलं गेलं, कोरड्या जागी राहिलं, आणि ज्याच्या अंगावरची एकही खूण कुणी मिटवली नाही ते. झीज ही त्याची नोंदवही असते. नवा मुलामा दिला की ती कोरी होते, आणि मग त्यात कुणीही काहीही लिहू शकतं. मी तिथे जे काही शिकले त्यात हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते फक्त शस्त्रांना लागू आहे असं मला वाटत नाही.

घरी आणल्यावर काकांनी त्याचं फार काही केलं नाही. जुना घट्ट झालेला तेलाचा थर सौम्य तेलात भिजवून काढला, पितळेचा ब्रश नळीतून फिरवला, आणि वरून रेनेसाँ मेणाचा पातळ हात दिला. हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत धातूच्या वस्तू टिकवण्यासाठी तयार झालं. गोळी उडवण्याचा प्रश्नच नव्हता. म्यानात ठेवायचा मोह होतो, पण चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि चामड्याने धरलेला ओलावा मिळून पोलादाला गंज चढवतात, म्हणून म्यान वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं. ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आर्मी अँड नेव्ही सोसायटीच्या जुन्या विक्रीवह्या आहेत. क्रमांक कळवला तर नोंद शोधून देतात. काकांनी पत्र लिहिलं आहे. नोंद सापडली तर अधिकाऱ्याचं नाव आणि खरेदीची तारीख मिळेल. त्यावरून त्याची पलटण आणि ती हिंदुस्थानात कुठे होती, हे लष्कराच्या छापील याद्यांमध्ये शोधता येतं.

हेच रिव्हॉल्व्हर भारतात कुणाला घेता आलं असतं का? नाही. आपल्याकडे .४५५ आणि .३८ ही रिव्हॉल्व्हरची मापं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, कारण ती सैन्याची होती. नागरिकाला मिळतं ते मुख्यतः .३२. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती फक्त दुरुस्त करूनही गोळी उडवू शकणार नाही अशा शस्त्राला. चालू स्थितीतलं १८९५ चं वेब्ली त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाने आली तरीही. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या वस्तीत शस्त्रं मोकाट असू नयेत, हे मला मान्य आहे. अमेरिकेत रोज काय होतं ते आपण वाचतो. तो रस्ता आपल्याला नको.

पण वेब्ली भारतातून कधीच गेलेलं नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .३२ चं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या मार्क चारच्याच घडणीवर आहे. त्याचीच हलकी आवृत्ती २०१४ मध्ये 'निर्भीक' या नावाने आली. २०२० मध्ये तर वेब्ली अँड स्कॉट या नावानेच उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ ची रिव्हॉल्व्हरं बनू लागली. आपल्या गावोगावच्या वाड्यांत, इनामदार-देशमुखांच्या आणि निवृत्त फौजदारांच्या घरांत जुनी परवान्याची .३२ वेब्ली अजून आहेत. परवानाधारक वारला की वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. मग परवान्यासाठी अर्ज करायचा किंवा ते विकायचं. पात्र असेल त्याला वारसा हक्काने परवाना मिळू शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर शस्त्र सरकारजमा होतं, आणि सरकारजमा झालेल्या शस्त्रांचा शेवट बहुतेक वेळा भट्टीत होतो.

त्यातलं प्रत्येक वाचलं पाहिजे असं नाही. पण नोंद न होता गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आपण तलवारी, ढाली, तोड्याच्या बंदुका पाहतो. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या घरांतली रिव्हॉल्व्हरं मात्र कुठल्याच कपाटात अशी मांडलेली सापडत नाहीत. ती कुणी घेतली, कुठल्या दुकानातून, कोणत्या परवान्यावर, कशासाठी? संस्थानी काळातला परवाना, फाळणीच्या सुमारास बदललेला मालक, एखाद्या दरोड्यानंतर पाटलाने घेतलेलं रिव्हॉल्व्हर, या सगळ्याचे कागद घराच्या ट्रंकेत असतात आणि शस्त्राबरोबर तेही जातात.

म्हणून ज्यांच्या घरी असं शस्त्र आहे आणि जे ते जमा करणार आहेत, त्यांच्यासाठी काकांनी सांगितलेलं इथे देते. जमा करण्याआधी, परवानाधारकाच्या किंवा विक्रेत्याच्या समोर, रिकामं असल्याची खात्री करून त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. क्रमांक, नळीवरची अक्षरं, सिलिंडरवरचे ठसे जवळून टिपा. गंज दिसला तरी पॉलिश पेपर किंवा चिंच-लिंबू काही लावू नका. जुना परवाना, खरेदीची पावती, नूतनीकरणाचे शिक्के असलेली पानं वेगळी काढून ठेवा. ती जमा करायची वेळ आली तर आधी त्यांची प्रत काढा. आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून, ते शस्त्र घरात कधी आणि कुणी आणलं, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.